वहीतला नापास आकडा

आमचे सर दर शुक्रवारी दोह्याजवळच्या अल वक्र्याच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसत आणि रविवारी सकाळी, मी अजून हातमोजेसुद्धा चढवलेले नसताना, मला सरासरी सांगत. परवा किती मासे मिळाले हे नाही, तर आजवरच्या सगळ्या शुक्रवारांची मिळून सरासरी. ती शून्य पूर्णांक एकतीसच्या आसपास घुटमळत असे. “म्हणजे तीन शुक्रवार बसलं की एक मासा, सर,” असं मी एकदा सहज म्हणाले, तर ते म्हणाले, “शून्य पूर्णांक तेहतीस असती तर तसं म्हणता आलं असतं. अहो टेक्निशियन, माझे मासे वाढवू नका.”

ते सगळ्यांना हुद्द्याने हाक मारत. मला आणि माझी केरळी सहकारी जेसी हिला, दोघींनाही ‘टेक्निशियन’. एकाच वेळी दोघी वळलो तर वैतागून म्हणत, “दोघी नको, ज्या टेक्निशियनने सेंट्रिफ्यूज उघडं ठेवलंय ती.”

मुऐदरमधल्या एका खासगी दवाखान्याची ती लहानशी लॅब. आम्ही चौघंच होतो: सर, जेसी, मी आणि घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणणारा ड्रायव्हर. सर देवगडकडचे, साठीला आलेले, एकटे राहणारे. लॅबमध्ये यंत्रांसाठी एसी कायम थंडगार असायचा म्हणून ते अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालत, आणि तोच स्वेटर घालून ऑगस्टच्या दुपारी बाहेर गाडीपर्यंत चालत जात. काढत का नाही, असं विचारलं तर म्हणत, “परत घालावा लागतो.” खिशात भाजलेल्या चण्यांची पुडी. कुणाला देताना मोजून पाच देत.

कोणत्याही प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी द्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. सुट्टीचा अर्ज असो, नाहीतर यंत्राचा लाल दिवा का लागला हे असो. “उद्या विचारा,” म्हणायचे. “आज तुम्हाला फक्त उत्तर हवंय.” लाल दिव्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी मिळण्याचा काय उपयोग, असं मी पहिल्या महिन्यात तावातावाने विचारलं होतं. त्यावर काय म्हणाले असतील, वेगळं सांगायला नको.

त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर त्यांच्या मार्कशीट लॅमिनेट करून ओळीने लावल्या होत्या. दहावी, बारावी आणि बी.एस्सी.च्या. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या तीन होत्या, कारण दोनदा नापास झाले होते. त्या दोन्हीही भिंतीवर. एकदा तपासणीला आलेल्या गृहस्थांनी ती भिंत न्याहाळून विचारलं, “यातलं लायसन्स कोणतं?” सरांनी शांतपणे बोट दाखवलं, “ते या दाराच्या मागे आहे. हा माझा रेकॉर्ड आहे.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझ्या घरी, मेहकरला, एटीकेटी सुटल्यावर मागची मार्कशीट आईने ट्रंकेच्या तळाशी घातली होती, वर साड्या रचून. भिंतीवर लावायची गोष्ट होती का ती?

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. बाबा ग्रामीण रुग्णालयात शिपाई होते. डॉक्टरांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास भरून त्यावर झाकण ठेवणं हे त्यांचं सकाळचं पहिलं काम, आणि ते काम ते इतक्या आदराने करत की मला लहानपणी वाटायचं, त्या ग्लासात औषध असतं. डॉक्टर व्हायचं हे मी तेव्हाच ठरवलं होतं. मराठी शाळेतल्या माझ्या बाईंनी शाळा सुटल्यावर थांबून मला इंग्रजी शिकवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत मी आपटले. मग बी.एस्सी., अठ्ठावन्न टक्के, नंतर लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, मग लग्न. प्रशांतला दोह्यात बांधकाम कंपनीत प्लॅनिंगचं काम मिळालं आणि आम्ही अल अझीझियात एका फ्लॅटमध्ये येऊन राहिलो.

इथे आल्यावर कळलं की अमेरिकन पद्धतीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पदवीनंतरही अर्ज करता येतो, आणि इथल्याच एका अमेरिकन पद्धतीच्या कॉलेजात पदवीनंतरचे सुटे कोर्स संध्याकाळी घेता येतात. माझ्या आत काहीतरी जागं झालं. प्रशांत म्हणाला, “अगं, सुटे कोर्स कशाला? सरळ गावाकडच्या विद्यापीठातून बाहेरून एम.एस्सी. कर. पीजी म्हटल्यावर सरासरी आपोआप वर जाईल.”

मलाही ते पटलं. लॅबमध्ये सर डबा खात होते, तिथे जाऊन मी म्हणाले, “सर, मी एम.एस्सी. करावं म्हणते. मेडिकलच्या अर्जात सरासरी वाढेल.”

सरांनी पोळीचा तुकडा हातात तसाच धरून ठेवला. “उद्या विचारा.”

दुसऱ्या दिवशी उत्तर मिळालं ते असं. एम.एस्सी.चे गुण त्या अर्जात वेगळ्या रकान्यात जातात, पदवीच्या सरासरीला ते हातही लावत नाहीत. पदवीनंतर पदवीच्याच पातळीचे कोर्स घेतले तर ते मात्र पदवीच्या सरासरीत मिसळतात. “आणि तुमचे अठ्ठावन्न टक्के,” सर म्हणाले, “ते धरतच नाहीत. परदेशातली पदवी नोंदवतात, पण आकड्यात घेत नाहीत.”

“धरतच नाहीत?”

“नाहीत.”

“बाबांनी आख्ख्या दवाखान्यात पेढे वाटले होते हो, सर.”

“पेढे वाटायला हरकत नव्हती. अर्जात धरत नाहीत.”

मला राग यावा की सुटल्यासारखं वाटावं, कळेना. तीन वर्षं बसने जाऊन-येऊन मिळवलेले गुण कुणीतरी असे बाजूला ठेवले होते. पण त्याचा अर्थ असाही होता की इथे जे मिळवीन तेवढ्यावरच माझी सरासरी उभी राहणार. पाटी कोरी. सरांना हे सगळं कसं ठाऊक, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. त्यांना सगळंच ठाऊक असायचं, तोच तर त्रास होता. कॉलेजात नाव घातल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाले, “डावी लिफ्ट घेऊ नका. ती तिसऱ्या मजल्यावर थांबत नाही.” पहिल्याच दिवशी मी डावी लिफ्ट घेतली आणि चौथ्या मजल्यावरून खाली चालत आले.

मग सरांनी माझी ड्यूटी बदलून कायमची सकाळची केली. साडेसहाला हजर, कारण सकाळचे कंट्रोल मी लावायचे. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असा नमुना. रुग्णांचं रक्त लावण्याआधी तो यंत्रात घालायचा, आकडा ठरलेल्या मर्यादेत आला तरच पुढे जायचं, आणि आकडा वहीत लिहून आलेखावर ठिपका द्यायचा. मर्यादेबाहेर गेला तर कारण शोधायचं आणि परत लावायचा. पण पहिला, नापास आकडा वहीत राहिलाच पाहिजे, त्याच्याखाली दुसरा. खोडायचा नाही. या एका गोष्टीवर सरांनी आमचं जिणं हराम केलं होतं. लॅबमध्ये व्हाइटनरला बंदी होती. एकदा जेसीच्या ड्रॉवरमध्ये व्हाइटनरची बाटली सापडली. तिने ती मुलाच्या शाळेच्या फॉर्मसाठी आणली होती. सरांनी बाटली चिमट्याने उचलून दूषित वस्तूंच्या पिवळ्या पिशवीत टाकली.

“सर, वो मेरे बच्चे का फॉर्म...” जेसी म्हणाली.

“बच्चे को भी बोलो, काटके लिखे,” सर म्हणाले.

जेसी दिवसभर माझ्याजवळ हिंदीत सरांचा उद्धार करत होती आणि मी मनापासून माना डोलावत होते.

पहिल्या वर्षी मी जीवशास्त्राचे दोन कोर्स घेतले, दोन्हींत ए. रसायनशास्त्रात बी, भौतिकशास्त्रात बी. मग सेंद्रिय रसायन आलं. त्या सत्रात प्रशांतची साइट बदलली होती, माझी आई गावी आजारी होती, आणि खरं सांगायचं तर मला ते जमतही नव्हतं. डी मिळाला. त्या आठवड्यात मी सरांच्या समोर यायचंही टाळलं, पण त्यांनी विचारलंच आणि मला सांगावं लागलं. ते म्हणाले, “परत घ्या.” एवढंच. मी परत घेतला आणि ए मिळवला. कॉलेजच्या नियमाप्रमाणे दुसरा ग्रेड लागला की पहिला त्यांच्या सरासरीतून वगळतात. माझ्या गुणपत्रकावर छापून आलं: तीन पूर्णांक सहा. मी त्याचा फोटो बाबांना पाठवला. बाबांना तो आकडा कळला नाही, पण त्यांनी तो डॉक्टरांना नेऊन दाखवला.

मेडिकलचा अर्ज भरला, शिफारसपत्रासाठी सरांकडे दिला. गुरुवारपर्यंत पाठवायचा होता. सरांनी तो सहा दिवस ठेवून घेतला. मी रोज विचारायची आणि ते रोज “उद्या” म्हणायचे. बुधवारी त्यांनी मला रसायनांच्या फ्रीजजवळ बोलावलं. हातात माझा अर्ज आणि लाल पेन्सिल.

“टेक्निशियन, यात पाच कोर्स आहेत.”

“हो, सर.”

“तुम्ही सहा दिले.”

“सेंद्रियचा दुसऱ्यांदा दिला ना. तो सुटला. पहिला आता मोजत नाहीत. कॉलेजनंच वगळलाय, बघा, तीन पूर्णांक सहा.”

“कॉलेजनं आपल्या सरासरीतून वगळलाय. गुणपत्रकावरून खोडलाय?”

मी गुणपत्रक पाहिलं. ओळ होती. डी होता. शेजारी कंसात ‘पुन्हा घेतला’ असा शेरा होता.

“अर्जाच्या सूचनांचं पान वाचलंत?” सरांनी विचारलं. “दिलेला प्रत्येक कोर्स लिहायचा. परत घेतलेला असेल तर दोन्ही वेळचे. ते स्वतः परत सरासरी काढतात आणि दोन्ही धरतात.”

“पण सर, आपल्याकडे एटीकेटी सुटली की...”

“आपल्याकडे ट्रंकेत ठेवतात,” सर म्हणाले. ट्रंकेचं मी त्यांना कधी सांगितलं होतं देव जाणे. “सकाळी कंट्रोल फेल गेला. तुम्ही परत लावला. पास झाला. पहिला आकडा कुठे असतो?”

“वहीत.”

“मग हा का नाही?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला अधिकच संताप आला. “मी काही लपवत नव्हते, सर. मला खरंच वाटलं...”

“मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही.” त्यांनी पेन्सिलीने कागदाच्या कडेला गणित मांडलं, ‘ए’चे चार, ‘बी’चे तीन, ‘डी’चा एक. अठरा भागिले पाच, तीन पूर्णांक सहा. एकोणीस भागिले सहा. तीन पूर्णांक सतरा.

आजवर मला कुठलाही आकडा एवढा कुरूप वाटला नाही. “असा पाठवला तर कुणी बघणारसुद्धा नाही,” मी म्हणाले.

“मग यंदा पाठवू नका. अजून चार घ्या. चारही ए आले तर पस्तीस भागिले दहा.”

“आणखी एक वर्ष? सर, मी अठ्ठावीस वर्षांची आहे!”

“चार कोर्स घेतले नाहीत तरी पुढच्या वर्षी एकोणतीसच व्हाल.”

मी अर्ज हिसकावून घेतला. मोठ्या माणसाच्या हातून कागद असा ओढून घेणं माझ्या वळणात नाही, पण घेतला. जिन्यात जाऊन बसले आणि प्रशांतला फोन केला. तो म्हणाला, “तुझे सर वेडे आहेत. एक ओळ. कोण बघणार आहे? पाठव आणि खलास कर.” मला त्याचं पटावं असं फार वाटत होतं. पण सूचनांचं पान उघडून वाचलं. सर म्हणाले होते तसंच होतं, आणि खाली लिहिलं होतं की माहिती अपुरी आढळली तर अर्ज रद्द होईल. मी अर्ज पाठवला नाही. त्या वर्षी तारीख निघून गेली आणि पंधरा दिवस मी सरांशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. माशांची सरासरी मात्र दर रविवारी मिळत राहिली.

वर आणखी छळ. सरांनी माझ्या ग्रेडचा आलेख काढला. अगदी कोलेस्टेरॉलच्या कंट्रोलचा असतो तसा, मधे सरासरीची रेघ, वर-खाली मर्यादा. आणि तो कोलेस्टेरॉलच्या शेजारीच भिंतीवर चिकटवला. डीचा ठिपका लाल, खाली एकटाच पडलेला. येणारा-जाणारा विचारायचा, “ये किस चीज का है?” आणि सर सांगायचे, “मॅडम का.” मी दोनदा तो कागद काढून टाकला. दोनदा त्यांनी परत लावला, आणि खाली तारखेसह लिहिलं: ‘आलेख काढला होता. पुन्हा लावला.’

त्या वर्षी मी जिद्दीने अभ्यास केला असं लोक म्हणतील. खरं म्हणजे मी संतापाने अभ्यास केला. डबा खाताना पुस्तक, लाँड्री होईपर्यंत पुस्तक. प्रशांत स्वयंपाक शिकला. चार कोर्स, चार ए. दर वेळी सर ठिपका द्यायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. चौथा ए सांगितला तेव्हा तरी काही म्हणतील म्हणून मी उभी राहिले. “साडेतीन,” ते म्हणाले. “त्या बाटलीवर तारीख घातलेली नाही.”

अर्जात मी सहाही आणि चारही, सगळे लिहिले. मुलाखतीला बोलावणं आलं. तीन माणसं बसली होती. मधल्या बाईंनी तिसऱ्याच मिनिटाला बोट ठेवलं ते त्याच ओळीवर. “इथे काय झालं?” मी सांगितलं. आई आजारी होती, हे खरं असूनही मी सांगितलं नाही. मला ते जमत नव्हतं, मी परत घेतला, एवढंच सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

प्रवेशाचं पत्र एका गुरुवारी आलं. मी पेढे घेऊन लॅबमध्ये गेले. सरांचा तो शेवटचा दिवस होता. ते कायमचे देवगडला परतणार होते, रविवारचं विमान होतं. भिंतीवरच्या मार्कशीट काढून त्यांनी एका फाइलमध्ये घातल्या होत्या. नापासच्या दोन वर होत्या. जेसी मला मिठी मारून रडली. सरांनी पेढा घेतला, खाल्ला, हात धुतले.

“या लॅबमधून आजवर अर्ज दोन, प्रवेश एक,” ते म्हणाले. “सरासरी अर्धी. एवढ्यावरून काही म्हणता येत नाही.”

मी जाता जाता थांबले. जेसीने अर्ज केला नव्हता. ड्रायव्हरने तर नव्हताच. राहिलं कोण?

“सर, दुसरा अर्ज कुणाचा?”

“उद्या विचारा.”

उद्या शुक्रवार होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांचा हा नियम शब्दशः पाळायचं ठरवलं. सकाळी मेट्रोने वक्र्याला गेले, पुढे टॅक्सी केली. किनाऱ्यावर सर घडीच्या खुर्चीत बसले होते, स्वेटर न घालता. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. एकदम बारीक दिसले.

“सर, उद्या झाला. दुसरा अर्ज कुणाचा?”

त्यांनी गळाची दोरी थोडी आत घेतली. “माझा. बेचाळीसाव्या वर्षी. तुमच्याच कॉलेजात संध्याकाळचे सात कोर्स केले होते. एकात नापास झालो. परत घेतला, सुटला.” ते पाण्याकडे बघत होते. “मी पहिली ओळ लिहिली नाही. आपल्याकडे लिहीत नाहीत म्हणून.”

“आणि?”

“त्यांनी गुणपत्रक मागवलं. अर्ज रद्द. पुन्हा करायचा तर कारण लिहून द्या म्हणाले. मी लिहून दिलं नाही.”

मला राग आला, दोन वर्षांचा सगळा राग. “हे त्या बुधवारीच सांगितलं असतं तर मी तुमच्याशी भांडले असते का? जिन्यात बसून रडले असते का? सहा दिवस तुम्ही तो अर्ज घेऊन बसलात!”

“तुम्ही विचारलं नाहीत,” सर म्हणाले. मग जरा हळू, “सहा दिवस मी पत्र लिहीत होतो. तुमचं शिफारसपत्र. ते जमत नव्हतं.”

त्यांनी पुडी पुढे केली. पाच चणे मोजले, मग थांबून आणखी पाच दिले. आम्ही तासभर तसेच बसलो. ऊन चढलं तेव्हा त्यांनी दोरी गुंडाळली, रिकामा गळ पाहिला आणि स्वतःशीच म्हणाले, “आज पण नाय गावलो.” खिशातून छोटी डायरी काढून त्यांनी तारखेपुढे शून्य लिहिलं आणि डायरी माझ्याकडे दिली.

“शेवटचा शुक्रवार. तीनशे एकोणीस झाले, मासे अठ्ठ्याण्णव. सरासरी काढा. तिसऱ्या स्थानापर्यंत.”

“सर, मी सुट्टीच्या दिवशी इथवर आलेय.”

“काढा.”

मी वाळूत बोटाने भागाकार मांडला. शून्य पूर्णांक तीनशे सात. त्यांनी वाकून पाहिलं, मान डोलावली आणि तरीही परत करायला सांगितलं. मी चडफडत परत केला, पहिल्याच्या खाली. पहिला पुसला नाही.